पहिल्या पानावरची कानखूण

बातमीदारीची नोकरी सांभाळून मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा मी वहीत उतरवतो. कळप एकमेकांत मिसळले तरी आपली मेंढी ओळखता यावी म्हणून प्रत्येक घर कोकराच्या कानाला ठरावीक चीर देतं. वहीत एका पानावर एक घर. पहिलं पान आईच्या वडिलांसाठी ठेवलं होतं. ते सहा वर्षं कोरं होतं.

आजोबा गेले, कळप विकला गेला. उरले मामा, बजाजनगरला. कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाले, डाव्या कानाला दोन चिरा. दुसऱ्यांदा, उजव्या कानाला एक. तिसऱ्यांदा म्हणाले, "पेपरवाल्यांना आता मेंढरांचे कानच राह्यले का रं छापायला?" आणि चहा मागवला.

लासूर स्टेशनच्या जनावरांच्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या. नात्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारून झालं. कान कापणं पुरुषांचं काम, म्हणून विचारलं पुरुषांनाच. हाती काही आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पडेगावजवळ खिळा घुसून स्कूटर पंक्चर झाली. दुकानदार म्हणाला, अर्धा तास लागेल. शेजारच्या पडीत रानात एक कळप बसला होता. सवयीनं कान पाहिले. बाकी सगळ्यांची खूण एक, पाच-सहा मेंढ्यांची वेगळी. राखणीला एक म्हातारी होती.

"ह्या विकत घेतल्या का, मावशी?"

"इकत कशाला? माझ्या बापानं आंदणात दिल्या व्हत्या, त्यांची पैदास हाय ही."

"मग खूण बदलली नाही?"

"कशी बदलायची? आंदणाच्या मेंढीला बापाची खूण. तिच्या पिल्लालाबी तीच. माझ्या नवऱ्यानं आजवर त्या कानांना हात नाय लावला."

सहा वर्षं जे सापडलं नाही, ते एका खिळ्यानं दाखवलं. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. आईचं लग्न धनगराच्याच घरात झालं होतं, आणि ती माझ्याच घरात राहते.

घरी आलो तेव्हा ती मेथी निवडत होती.

"माय, तुला आंदणात मेंढ्या होत्या?"

"सात."

"खूण कोणती होती?"

तिनं मेथीखालच्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, दुमडला, कात्रीनं दोन कान कापले. उजव्याचं टोक उडवलं. डाव्याला खालून एक चीर दिली. मिनिटभराचं काम.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू मामाला इचारत व्हतास. मला वाटलं, मामाकडंच काय काम असंल."

एका तोंडची बातमी छापायची नाही, ही नोकरीतली सवय. मामांना फोन केला. "तिचं काय ऐकतोस?" ते म्हणाले. "लेकीच्या मेंढ्यांना बापानं निराळी खूण केली असंल. कळपाची निराळी."

"कळपाची कोणती?"

"आता ते कसं ध्यानात राहील?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा पडेगाव. म्हातारीला एवढंच विचारायचं होतं, की लेकीसाठी अशी निराळी खूण कुणी करतं का. रानात लेंड्या होत्या, कळप नव्हता. पंक्चरवाला म्हणाला, "सकाळीच उठले साहेब. दौलताबादकडं गेले असतील, नायतर आणखी कुठं." दौलताबादपर्यंत जाऊन आलो. दोन कळप भेटले, ती नव्हती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. शिकाऊ बातमीदारही असली चूक करत नाही.

रात्री पहिल्या पानावर दोन कान काढले. उजव्याचं टोक छाटलेलं, डाव्याला खालून चीर. खाली लिहिलं: आईच्या सांगण्यावरून. बाकी वही शाईची आहे. हे पान पेन्सिलीनं काढलं, म्हातारी पुन्हा भेटेपर्यंत.

आईनं वही हातात घेतली. तिला वाचता येत नाही. पानं उलटून पाहिली, परत पहिल्यावर आली, बोटानं ओळ चोळली. बोटाला काळं लागलं.

"पेन नव्हता व्हय?"

पेन खिशातच होता.