हवालदारांचा खुबा

एकाहत्तरची लढाई होऊन गेली आणि माझी बदली नगरच्या छावणीत, मिलिटरी हॉस्पिटलात झाली. मी नर्सिंगमधली लेफ्टनंट. जवान मला सिस्टर साहेब म्हणत. हाडांचा वॉर्ड माझ्याकडे. सकाळी सीओंचा, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांचा, राउंड असे. हुकूम व्हायचा, "सावधान!" चालते पेशंट खाटेशेजारी ताठ उभे राहत, बाकीचे पडल्या पडल्या हात कडेला लावून ताठ होत. तुम्हाला हसू येईल, पण आमच्याकडे तीच रीत.

दिवाळीनंतर देवळाली प्रवऱ्याचे रंगनाथ हवालदार आले. जुने पेन्शनर, सत्तरीला टेकलेले. उसाच्या पाचटावरून घसरले, खुबा मोडला. सोबत त्यांची कारभारीण, जिजाबाई.

"एवढुशा पडन्यानं हाड मोडतं व्हय, बाई? तरनेपनी ह्ये बैलगाडीवरनं पडले, तर गाडीच मोडली हुती."

"गाडी जुनी हुती," खाटेवरून हवालदार म्हणाले.

आमचे सर्जन मेजर साहेब. त्यांनी दोन एक्स-रे खिडकीशी धरले. एक तरण्या जवानाचा. हाड पांढरंफेक, भरीव. दुसरा हवालदारांचा, आतून विरळ, विटलेल्या धोतरासारखा.

"हा आजार नाही, सिस्टर. वय आहे. हाडातला चुना कमी होतो, मणक्यांतल्या गाद्या चपट्या होतात, सांधे झिजतात, स्नायू आटतात. आपलंही होणार."

ऑपरेशन करून खुब्यात खिळा बसवला. खरी भीती पुढेच होती. तरणा महिनाभर पडून राहिला तरी त्याचा पाय पुन्हा भरतो. म्हाताऱ्याचा भराभर उतरतो, आणि मग माणूस अंथरुणाचाच होतो.

हवालदारांचा प्रश्न एकच. छावणीतल्या स्मारकापाशी होळीनंतर मानवंदना व्हायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कामी आलेल्या आपल्या सेक्शनच्या, म्हणजे छोट्या तुकडीतल्या, चौघांसाठी ते दरवर्षी यायचे.

"उभा ऱ्हाईन का, साहेब? त्यांच्यापुढं बसून कसं चालंल?"

"बघू," मेजर म्हणाले.

ऑपरेशननंतर चौथ्याच दिवशी राउंडला "सावधान!" झालं आणि हवालदार खाटेवरून उठून उभे! डोक्याला विचारलंच नव्हतं हो, अंगानंच हुकूम ऐकला. एका पायावर, खाटेचा गज धरून. गुडघा करकरला तो मला दारात ऐकू आला. मी धावले, काखेत हात घातला.

"हवालदार, लेट जाओ!" सीओ ओरडले.

"जी साब." पण हलेनात.

सीओंच्या लक्षात आलं. "विश्राम!"

तेव्हा कुठे बसले.

लगेच एक्स-रे काढला. फिल्म सुकेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खिळा होता तिथेच होता. मेजर म्हणाले, "यांच्या अंगात अजून पुष्कळ आहे. कामाला लावा."

मग रोज कसरत. पडल्या पडल्या मांडी आवळा, सोडा. पाय उचला, ठेवा. पुढे कुबड्या. दर आठवड्याला मी टेपनं मांडी मोजायची. आधी उतरत गेली, मग थांबली, आणि एका सोमवारी बोटभर भरली! मी पुन्हा मोजली, तरी तेवढीच. सत्तर वर्षं राबलेला, आटलेला स्नायू, आणि काम दिलं तर अजून वाढतो! मी थक्क होऊन त्या मांडीकडे बघत राहिले.

"आमच्यासंगं बोलाया येळ न्हाई," जिजाबाई म्हणाली, "पर मांडीला दिसभर हुकूम सोडत्यात."

होळीनंतर स्मारकापाशी मानवंदनेची परेड झाली. हवालदारांचा फौजेतला जुना कोट आता त्यांना लांब होत होता. उंची तेवढी उतरली होती. ब्युगल वाजायच्या आधी त्यांनी कुबड्या माझ्या हातात दिल्या.

"धरू नका, साहेब."

दोन मिनिटं. मी हातभर मागे उभी होते. पँटीतली मांडी थरथरताना दिसत होती. गुडघा जरा वाकला, पुन्हा सरळ झाला. जिजाबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

ब्युगल थांबलं तरी त्यांनी कुबड्या मागितल्या नाहीत. हजेरी घ्यावी तशी नावं घेतली. शिपाई तुकाराम. शिपाई गणपत. शिपाई इब्राहिम. लान्स नाईक सखाराम.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "समदी पंचविशीच्या आतली पोरं. गुडघा दुखतो म्हंजी काय, हे त्यांना कळलंच न्हाई."