तळहातावर उभा राहिलेला नारळ

पावणं, जमिनीखालचं पाणी शोधायचं तर विश्वास कुणावर ठेवायचा? नारळवाल्यावर, सळ्यावाल्यावर, की मशीनवाल्यावर? शाहूपुरीत माझं पंप-मोटारींचं दुकान. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, पण चहाला बसलेलं गिऱ्हाईक असला एखादा किस्सा ठेवूनच उठतं. दुकानात आता पाइप कमी आणि किस्से जास्त झालेत!

त्या उन्हाळ्यात मात्र गंमत राहिली नव्हती. माझी थोरली बहीण शांतक्का नेसरीला काजूच्या रोपांची नर्सरी चालवते. तिची बोअर आटली. नवी एकच मारणं झेपणार होतं. ती कोरडी गेली तर नर्सरी बंद. म्हणून मी आणि माझे दोस्त, विज्ञानाचे रिटायर्ड कुलकर्णी सर, पाणी दाखवणाऱ्यांची परीक्षाच घ्यायला निघालो.

*

पहिला तात्या पाणाड्या. आडवा नारळ तळहातावर ठेवून रानात फिरायचं. खाली पाणी असलं की नारळ शेंडी वर करून उभा! एका जागी तसा राहिलाही. आम्ही खूण केली. मग सरांनी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा फिरवलं, तर नारळ भलतीकडंच उभा!

"तात्या, मघाचं पाणी कुठं गेलं?"

"पाणी तितंच हाय सर. मलाच दिसंना झालंय की!"

*

मग पितळी सळ्यावाले. दुकानामागच्या आवारात सरांनी पाइप पुरले होते, त्यातल्या एकातूनच पाणी सोडलेलं. गृहस्थ सगळ्यांवरून चालले, सळ्या ढिम्म! शेवटी कोपऱ्यात फट्दिशी जुळल्या.

"हितं मोप पाणी हाय!"

होतंच की. आमच्या संडासाची टाकी!

*

मशीनवाल्याचा थाट मोठा. लाल-हिरवे दिवे, गळ्यात कार्ड. एकाच जागेवर सकाळी पाण्याची एक खोली सांगितली, दुपारी त्याच्या निम्मी!

"उन्हानं पाणी वर येतंय," तो म्हणाला.

"मग संध्याकाळपर्यंत थांबतो," सर म्हणाले. "बादलीनंच काढू!"

*

मधेच जोतिबाच्या वाटेवरचा एक शेतकरी आला. म्हणे, विहिरीवरच्या मोटरीला भूत लागलंय; आपोआप सुरू होते, लिंबू-मिरची बांधूनही थांबत नाही. सरांनी पेटी उघडली. आत ऑटो स्विच! लाइट आली की मोटर चालू. त्याच्या भावानं न सांगता बसवलेला.

"काढू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की! माझ्या दुसऱ्या विहिरीवर बी असलंच एक भूत बसवायचंय, दुकानात हाय का?"

*

शेवटी अक्काचं रान. ओढ्याची दिशा, भोवतीच्या विहिरी, खडक बघून सरांनी एक खूण केली. अक्कानं बोलावलेला तात्याही सगळं रान फिरला आणि म्हणाला, "अक्का, खोटं बोलणार न्हाय. मला काय घावंना."

बोअरची गाडी सरांच्या खुणेवर निघाली. तात्या पूजेचा नारळ फोडायला घेऊन चालला होता. कुंपणापाशी नारळ त्याच्या हातातच उभा राहिला.

"तात्या, हात हालवलास!" सर म्हणाले.

"आईशप्पत न्हाय! तुमीच धरा."

सरांनी नारळ आडवा केला, आपल्या तळहातावर ठेवला. थोडा वेळ काही नाही. मग शेंडी हळूहळू वर आली आणि नारळ उभा राहिला. सरांच्या हातावर!

अक्कानं पदर खोचून गाडीवाल्याला हाक दिली. "भाऊ, गाडी हिकडं घ्या!"

धूळ उडाली, उडतच राहिली. मग भसाभस चिखल, आणि मागनं पाणी! अक्का रोपांकडं पळत सुटली.

"सर, हे कसं काय?" मी विचारलं.

"ठाऊक नाही," सर लहान पोरासारखे हसत होते. "माझ्या खुणेवरही लागलं असतं कदाचित. आता कसं कळणार?"

पावणं, हा किस्सा खुशाल चार जणांना सांगा. फक्त तात्यानं आजवर दाखवलेल्या किती बोअरी कोरड्या गेल्या, तेही त्याला विचारून त्याच दमात सांगा. हिशोब दोन्ही बाजूंचा ठेवा, एवढीच विनंती.