अक्काचे गाल आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो माझ्या अक्कावर. बावन्न सालच्या मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी, दिवस कासराभर वर आला असताना, मंठ्याजवळच्या आमच्या घराच्या ओसरीवर. करणाऱ्या तिघी होत्या: बघायला आलेल्या मुलाची आत्या, आमची आई आणि मी. स्वतःला मी वगळणार नाही. सगळ्यात जास्त नुकसान मीच केलं.

मुलीनं पावडर थापली असेल तर कळावं म्हणून बघायला आलेल्या बाया पदर ओला करून तिचा गाल पुसत. आत्याबाईंनी पुसला. पदर स्वच्छ निघाला. मग त्यांनी अक्काची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. अक्काच्या नाकाशेजारी आणि गालांवर रंध्रं मोठी, उघडी दिसायची आणि थंडीत त्यावर पांढरी साल सुटायची.

"देवी येऊन गेल्या का हिला?"

"न्हाई हो," आई म्हणाली. "थंडीचं हाय ते."

"आमच्या गावाला काय थंडी पडत न्हाई?" आत्याबाईंनी चहाची बशी न पिताच सरकवली. तिथंच सगळं संपलं.

पाहुणे गेल्यावर आईनं हरभऱ्याचं पीठ काढलं. भोकांत मळ बसलाय, घासून काढला की ती बुजतील, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा नुकतीच जालन्याहून मॅट्रिक होऊन आले होते आणि गावोगाव स्वच्छतेची पत्रकं वाटत होते. त्यांत छापलं होतं: दिवसातून दोनदा साबण, कढत पाणी, अंग खसखसून घासा. छापलेलं खोटं असू शकतं, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पिठाच्या जागी मी अक्काच्या हातात साबण दिला, तोही कपड्याचा, कारण घरात तोच होता. वर दोनदाच्या जागी तीनदा धुवायला लावलं.

दहाव्या दिवशी अक्काला हसता येईना. ओठांच्या कडेला चिरा पडल्या, गाल लाल होऊन ताणले गेले. माघात वडीगोद्रीचे पाहुणे यायचे होते, आणि हिला घास घेताना तोंड उघडवत नव्हतं.

त्याच आठवड्यात विहिरीची चामड्याची मोट शिवायला गावातले म्हातारे बाबा आले. अक्का तोंडावर पदर धरून पाणी द्यायला गेली.

"तोंडाला काय झालं, माय?"

"साबण लावून राह्यले, बाबा. शिकलेली बहीण सांगती."

बाबांनी मोटेवर हात फिरवला. "हिला साबणानं घासून उन्हात टाकली तर चार दिसांत तडकती. ओली हाय तवाच तेल चोळावं लागतं. वाळल्यावर लावलं तर वरच्यावर राह्यतं."

आतून आई म्हणाली, "माझ्या पोरीला मोट म्हणता व्हय?"

"मोटेला मी याच्याहून जास्त जपतो, मालकीणबाई."

मी पत्रक आणून त्यांच्यापुढं धरलं.

"काय लिवलंय?"

"अंग घासा."

"कोणाचं?"

मी पत्रकाची घडी घातली. पत्रक लिहिणाऱ्यानं अक्काचे गाल पाहिले नव्हते. मी तर रोज पाहत होते.

त्या दिवशी साबण बंद केला. कोमट पाणी, टिपून घेतलेला चेहरा, आणि तो ओला असतानाच दोन बोटं करडईचं तेल. माघापर्यंत चिरा भरून आल्या, साल सुटायची थांबली. रंध्रं मात्र होती तिथंच राहिली. ती घासून बुजत नसतात, हे आता मी ठणकावून सांगते.

वडीगोद्रीच्या मुलाची आई आली आणि तिनं पदर ओला केला. अक्कानं तिचा हात मधेच धरला.

"पुसू नका, मामी. पावडर न्हाई, तेल हाय. अन् भोकं देवीची न्हाईत, जन्माची हायेत. बोटानं बघा."

त्या बाईनं अक्काच्या गालावरून बोट फिरवलं, मग तेच बोट स्वतःच्या नाकावरून.

"मला बी हायेत की," ती म्हणाली. "माझी सासू आंधळी होती म्हणून वाचले."

अक्काच हसली आधी, तोंड भरून. वैशाखात लग्न झालं.

आता तुमच्याशी बोलते. तुमच्या घरात कोणी पोरगी पीठ नाहीतर साबण घेऊन कोरडे गाल सोलत बसली असेल, तर हे वाचणं थांबवा आणि तिच्या हातातून ते काढून घ्या. आणि कुणाची मुलगी बघायला जाल, तेव्हा पदर कोरडा ठेवा.