आमचा हंबरणारा डबल बेस

आमच्या घरात माझ्या नवऱ्यापेक्षा उंच अशी एकच वस्तू आहे आणि ती म्हशीसारखी हंबरते.

तिला डबल बेस म्हणतात. व्हायोलिन कपाटाएवढं झालं, की त्याचा डबल बेस होतो. उभं राहून, त्याला मिठी मारून, जाड तारा बोटांनी ओढून तो वाजवायचा. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, शेअर घेतात, निदान गच्चीवर टोमॅटो तरी लावतात. ह्यांनी मुंबईच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून बेस घेतला. केळी उतरवून वाशीहून रिकामा परत येणारा ट्रक होता, त्यात पेंढा अंथरून, चादरीत गुंडाळून तो जळगावला आला. चार माणसांनी उचलून फाटकातून आत आणला, तेव्हा समोरच्या काकूंनी चपला काढून हात जोडले. (चादरीतला आकार पाहून त्यांना वाटलं, आमच्याकडचं कोणी गेलं!)

माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. शेतकरी येतो, म्हणतो, "ताई, शेवटच्या ओळीला पाणीच पोचत नाही." मी खुर्चीतून न उठता सांगते, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा. दुसऱ्या दिवशी पाणी पोचलेलं असतं. त्यामुळे जगातली कुठलीही अडचण योग्य व्हॉल्व्ह योग्य तितका फिरवला की सुटते, असा माझा पक्का समज होता. होता!

हे जाऊन भास्करआबांच्या ऑर्केस्ट्रात सामील झाले. आबा निवृत्त संगीतशिक्षक, अकॉर्डियन वाजवतात, जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करतात. अडचण अशी, की ढोलकी आणि अकॉर्डियन यांच्या गलबल्यात बेस ऐकूच येत नाही. म्हणून बेसच्या घोडीला (तारा जिच्यावरून जातात ती लाकडी पट्टी) एक बिल्ल्याएवढा पिकअप, म्हणजे छोटा माइक, चिकटवायचा, त्याची वायर अॅम्प्लिफायरला, तिथून स्पीकरला. झालं! निदान दुकानदारानं असं सांगितलं होतं.

घरी पहिल्यांदा वायर जोडली, ह्यांनी एक तार ओढली. आवाज आला, घुमला, वाढला, आणि ह्यांनी हात काढून घेतला तरी वाढतच राहिला. मांडणीतली स्टीलची ताटं एकेक करून खाली उतरली.

"अहो, बंद करा!"

"मी वाजवत नाहीये!"

"मग कोण वाजवतंय?"

"तोच!"

मी डोकं लावलं. स्पीकरचा आवाज त्या पोकळ पोटात शिरतो, पोट घुमतं, पिकअप ते घुमणं उचलून परत स्पीकरला देतो. म्हणजे विहिरीतून उपसलेलं पाणी परत विहिरीत, आणि मोटार चालूच! मी म्हटलं, "एवढंच ना? सरका बाजूला."

मग आठवडाभर रोज दुकान बंद केल्यावर मी अॅम्प्लिफायरपुढे मांडी ठोकून बसले. खालचा आवाज कमी केला, तर बेस डब्यातल्या माशीसारखा वाजायला लागला. मधला वाढवला, तर सर्दी झाल्यासारखा. वरचा वाढवला, तर ह्यांच्या बोटांची खरखर तेवढी ऐकू येई, जणू कोणी पत्र्यावर बटाटे किसतंय. शेवटी एका संध्याकाळी सगळं जमलं. गोल, भरदार, पोटात उतरणारा आवाज. ह्यांचे डोळे पाणावले. मी ताबडतोब प्रत्येक बटणाशेजारी, जिथं काटा होता तिथं, एकेक लाल टिकली चिकटवली.

"आता ह्याला कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "एकदा सेट केलेला व्हॉल्व्ह पुन्हा छेडायचा नसतो."

आमच्या दिवाणखान्यात दोन गाद्या, सोफा, जाड पडदे आणि कपड्यांचा ढीग आहे, ते सगळं आवाज पिऊन टाकतं, आणि पहिला कार्यक्रम होता त्या धुळ्याच्या मंगल कार्यालयात यातलं काहीही नव्हतं, हे मला धुळ्यात पोचल्यावर दिसलं. तिथं होतं पत्र्याचं छप्पर, फरशी, आणि शकीलभाईंचे स्पीकर.

शकीलभाई आबांचे ठरलेले साउंडवाले. मनानं सोनं, पण त्यांचे स्पीकर वरातीचे, आडवे ठेवले तर चौघं झोपतील एवढे. कुठल्याही तक्रारीवर त्यांचा इलाज एकच.

"भाभी, बेस कमजोर लागतोय. डबल करू?"

"कमी करा, शकीलभाई!"

"बेस कमी?" त्यांना धक्काच बसला. "भाभी, लोक बेस वाढवायला भांडतात माझ्याशी!"

मी त्यांना टिकल्या दाखवल्या. त्यांनी आदरानं पाहिल्या. (कुंकवाचा विषय, बोलणार काय!) कार्यक्रम एका जोडप्याच्या लग्नाच्या पंचविशीचा होता. पहिलं गाणं हळुवार होतं. गायिकेनं डोळे मिटले, आबांनी अकॉर्डियन अलगद उघडला, ह्यांनी तार ओढली, आणि बेस हंबरला. साधा नाही, वासरू हरवल्यासारखा! पत्रे थरथरले, पंगतीतल्या कढीच्या वाट्यांत लाटा उठल्या, आणि मागच्या रांगेतले एक आजोबा ताडकन उभे राहिले.

"हाई काय शे? ट्रॅक्टर उना का मांडवमा?"

मी धावत अॅम्प्लिफायरकडे गेले. बटणं बघते तर सगळ्या टिकल्या आपापल्या जागी, काटे टिकल्यांवर, कुठंही चूक नाही! आणि तरी म्हैस बोलतेय! मी एक बटण फिरवलं, आवाज बसला. गाणं पुढं सरकलं, तो पुन्हा. दुसरं फिरवलं. पुन्हा. तासभर मी तिथं उकिडवी बसून टिकल्या उखडत होते. शेवटच्या गाण्याला बेस अजिबात हंबरला नाही, कारण मी तो बंदच करून टाकला होता. ह्यांना ते कळलं नाही. ते डोळे मिटून वाजवत होते, बिचारे.

परतीच्या गाडीत आबा पुढच्या सीटवरून वळले. "वहिनी, स्पष्ट बोलू?"

"बोला आबा."

"अजून एक कार्यक्रम बघतो. सावद्याचा. तिथंही हंबरला तर माझा नाइलाज आहे. धुळ्यातला एक कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवतो. त्याला घोडी नको, पिकअप नको," आबांनी उसासा टाकला, "आणि टिकल्याही नकोत."

घरी आल्यावर ह्यांनी बेसला चादर पांघरली, त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "संपलं गं. माझं वय नाही राहिलं या भानगडींचं."

मी भावनेच्या भरात काही करणारी बाई नाही. पण मी पुढचा हिशेब केला. ऑर्केस्ट्रा सुटला, की हा माणूस दिवसभर घरी. घरी करमलं नाही, की माझ्या दुकानात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात ते दुकानात बसत होते, तेव्हा फिल्टर घ्यायला आलेल्या जामनेरच्या शेतकऱ्याला त्यांनी मुदत ठेवीचे फायदे समजावून फिल्टर न घेताच परत पाठवलं होतं. बेस वाचणं भाग होतं!

सावद्याचा कार्यक्रम म्हणजे एका केळीवाल्या नानांच्या मळ्यात भरीत पार्टी. थंडीचे दिवस, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चाललेलं, सगळी भावकी जमलेली. मोकळं रान पाहून मला हायसं वाटलं. छप्पर नाही, भिंती नाहीत, आवाज घुमणार कशात?

बेसच्या पोटात. तो ते पोट सोबतच घेऊन आला होता.

आवाज तपासायला तार ओढली, आणि हंबरला. गोठ्यातून खऱ्या म्हशीनं उत्तर दिलं.

"भाभी," शकीलभाई कौतुकानं म्हणाले, "जवाब आया!"

ह्यांनी बेस आडवा ठेवला. "चल, घरी जाऊ. कीबोर्डवाल्याला बोलावू दे."

"थांबा हो!" नानांच्या मळ्यात केळी भरायची शेड होती. घडांच्या फण्यांना डाग पडू नयेत म्हणून मध्ये घालतात ना, ते पातळ पांढरे फोमचे कागद तिथं ढिगानं पडलेले. मी दोन्ही हातांनी भरून आणले आणि बेसच्या छातीवर ज्या दोन लांबट फटी असतात, त्यांतून एकेक आत कोंबत गेले. ते बघवेना म्हणून हे तोंड फिरवून उभे राहिले.

"वाजवा आता."

ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं 'थप' झालं. हंबरणं गेलं, आणि सोबत बेसही गेला.

"अगं, त्याचा जीव घेतलास तू!"

मी थोडा फोम उपसला. हंबरला. पुन्हा कोंबला. थप. उपसला. हंबरला. कोंबला. इकडे पाहुणे भरीत घेऊन समोर बसायला लागले, आणि त्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. एका बाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते फोनवर कोणाला तरी म्हणत होते, "पुढच्या रविवारी मोकळे आहात का?" मी आयुष्यात पहिल्यांदा एका यंत्रापुढे हरले होते, आणि ते धड यंत्रही नव्हतं, लाकडाचा डबा होता!

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं कसंबसं निघालं. दुसऱ्याला तो गुरगुरायला लागला. ह्यांचा चेहरा पांढरा पडला, आबांनी मान हलवली, आणि मी ठरवलं की उरलेला फोम आत घालायचा, थप तर थप. मूठभर फोम घेऊन मी मागच्या बाजूनं स्टेजवर चढले. शकीलभाईंची वायर पायात आली. मी तोल सावरायला गेले आणि सगळ्या अंगानिशी, अगदी पाठीवर पिशवी टाकावी तशी, बेसच्या मागच्या फळीवर जाऊन आदळले.

गुरगुरणं थांबलं.

थप नाही, हंबरणं नाही. तोच, दिवाणखान्यातला, गोल, भरदार आवाज! मी शरमून मागे सरले. लगेच गुरगुरला. परत टेकले. गप्प. माझ्या भारानं ते पोट घुमायचंच थांबत होतं!

"भाभी!" शकीलभाई आपल्या मिक्सरमागून ओरडले. "हिलना मत! बिलकुल मत हिलना!"

"अहो, पण मी इथं..."

"हलू नकोस," हे दातांतल्या दातांत पुटपुटले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हुकूम केला नव्हता. मी हलले नाही.

एका बाजूनं हे बेसला मिठी मारून वाजवताहेत, दुसऱ्या बाजूनं मी खांदा, पाठ आणि कंबर लावून उभी, मुठीत केळीचा फोम, आणि समोर नानांची सगळी भावकी. कलाकार दिसावं म्हणून मी अधूनमधून मान डोलावत होते. नानांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"ते बाई तठी काय करू राह्यली रे?"

"धरून ठेवलंय तिनं," कोणीतरी समजुतीनं सांगितलं. "पडत असंन."

कार्यक्रम रंगला. शेवटी आबा स्वतः ह्यांच्याजवळ आले, पाठ थोपटली, म्हणाले, "असा आवाज पाहिजे होता! नाही बोलवत कीबोर्डवाल्याला." मग माझ्याकडे वळले. "पण वहिनी, तुम्हाला दर कार्यक्रमाला यावं लागेल. मी तारखा तुम्हालाच आधी विचारत जाईन."

तेव्हापासून मी त्या ऑर्केस्ट्राची कायम सदस्य आहे. शकीलभाई सामान उतरवताना विचारतात, "मिक्सर आला? वायर आल्या? भाभी आल्या?" याच क्रमानं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मध्यंतरी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. मी शिस्तीची बाई, रोज सकाळी मेहरूण तलावावर चालायला लागले, साखर सोडली, आणि खरंच ब्लाउज सैल झाले. मैत्रिणी म्हणाल्या, काय छान दिसतेस! मी खुशीत एरंडोलच्या कार्यक्रमाला गेले, नेहमीसारखी बेसला टेकले, आणि दुसऱ्याच गाण्याला तो हंबरला.

शकीलभाईंनी मिक्सरवरून मान वर केली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हताशपणे म्हणाले, "भाभी, आपने लेवल कम कर दिया."

दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी जेवताना ह्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तिसरी बट्टी वाढली, वरून तुपाची धार सोडली आणि इतक्या हळुवार आवाजात "घे ना गं" म्हणाले, की मी नवी नवरी असतानाही तसं कधी ऐकलं नव्हतं. जळगावात नवऱ्याच्या आग्रहाखातर बट्टी खाणाऱ्या बायका पुष्कळ असतील, पण टोन बिघडू नये म्हणून खाणारी मी एकटीच!