खबर देणाऱ्याचा रकाना

"तुह्या पणज्याचं नाव कोण कशाला लिव्हून ठेवील?" माधवराव म्हणाले आणि हसले. "कोंडवाड्यात घातलेल्या जनावराची तरी पावती असती. तुमच्या लोकायचं कागदावर काईच न्हाई."

ओसरीवर आणखी तिघं बसले होते. तेही हसले. मी पायरीजवळ उभी होते. प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या. मला कुणी बसू नको म्हणालं नाही. खुर्ची कुणी काढून दिली नाही, एवढंच. चहा आला. त्यांना कपबशीत, मला कागदी ग्लासात. घरात काही कार्य नव्हतं, पाहुणे नव्हते. आणखी एक कपबशी विसळायला त्या घराला जड जाणार नव्हतं. मी तो चहा प्यायले. कामासाठी आले होते ना. अडलेलं माणूस काय काय गिळतं.

मी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. याच माधवरावांना एकदा पायाची जखम चिघळली म्हणून आमच्या वॉर्डात आणलं होतं. साखरेचा आजार, जखम भरता भरत नव्हती. पू काढून पट्टी मी बदलायची, माझ्या हातांनी. तेव्हा 'सिस्टर, सिस्टर' करताना त्यांचं तोंड दुखत नव्हतं. दवाखान्यात माझे हात चालले. गावात आल्यावर माझ्या हातात कप चालेना. आमचं गाव हदगावच्या पुढं आहे, नांदेडपासून तसं काही लांब नाही. पण वाटेत एवढा फरक पडतो.

माझं काम असं होतं. माझा भाऊ गेला तेव्हा त्याची पोरगी, प्रज्ञा, शाळकरी होती. मी वाढवली तिला. शिकवणीसाठी लातूरला ठेवली. पत्र्याच्या खोलीत राहून, मेसचा डबा खाऊन पोरगी अभ्यास करत राहिली, आणि डॉक्टरकीला तिचा नंबर लागला. पण प्रवेश पक्का व्हायला जातीची पडताळणी लागते. तिथं सांगितलं, पन्नास सालच्या आधीचा पुरावा आणा. घराण्यातल्या कुणाचाही चालेल, पण त्यावर जात लिहिलेली पाहिजे. आमच्या बाबांचा शाळेचा दाखला पन्नासच्या नंतरचा. आजोबांना शाळेच्या ओट्यावरसुद्धा चढू दिलं नव्हतं. ज्या जातीमुळं शाळेत घेतलं नाही, तीच जात सिद्ध करायला शाळेचा दाखला मागतात. संताप येतो. पण संतापाला शिक्का मिळत नाही, म्हणून मी कागद शोधायला निघाले.

मला फक्त नाव माहीत होतं. पणजोबा कोंडिबा. जुन्या मतदार यादीत आजोबांचं नाव होतं, सटवा कोंडिबा. त्याच्या मागं सगळा अंधार. नांदेडच्या एका वाचनालयात निजामाच्या काळातल्या जनगणनेचं पुस्तक आहे असं कळलं. रजा टाकून गेले. आमच्या तालुक्यापुढं जातीवार आकडे होते. आमच्या जातीचाही आकडा होता. मी ग्रंथपालाला विचारलं, "यातली नावं कुठं असतात?" तो म्हणाला, "नावं नसतात ताई. फक्त डोकी." मी त्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले. यातलं एक डोकं आमचं. कोणतं, ते कुणाला सांगता येणार नव्हतं.

मग कुणीतरी सुचवलं, माधवरावांकडं जा. पाटीलकी त्यांच्या घरात होती. गावचं दफ्तर पूर्वी त्यांच्याकडंच असायचं, पुढं ते तहसीलला जमा झालं. हल्ली आरक्षणासाठी गावात जो तो जुन्या नोंदी शोधतोय. माधवरावांनीही नातवासाठी शोधली, त्यांना सापडली, आणि त्यांनी ती चौकटीत घालून ओसरीत लावली. हार घातलेल्या बापाच्या फोटोशेजारी.

"हे बघ," ते मला म्हणाले. "माह्या बापाच्या जल्माची नोंद. उर्दूतली. आख्खं रजिस्टर मी वाचून घेतलंय. तुमच्यातलं एक बी नाव न्हाई त्यात."

मी मान वर करून पाहिलं. काळी वाकडी अक्षरं, आखलेले रकाने. डाव्या काठाला कागद जाडसर दिसत होता. मला उर्दू येत नाही. मी मान हलवली.

"वाटलं तर मी सही करून देतो," माधवराव म्हणाले. "आमच्या गावच्या म्हाराची पोर हाय म्हणून. पर निवडणुकीला वस्तीवरल्या मतायचं तेवढं ध्यानात ठेव."

"बरं काका," मी म्हणाले. काका म्हणाले मी त्यांना.

परतीच्या एसटीत आजोबा आठवले. बाबांनी गावकीची कामं सोडली होती. बुद्धाच्या मार्गानं गेलेल्या माणसानं कुणाच्या दारात हात पसरायचा नाही, असं ते म्हणायचे. पण आजोबांच्या पायांची सवय सुटत नव्हती. आमच्या घराण्याकडं येसकरकी होती. गावात काही घडलं की खबर द्यायची, आणि कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन जायचं. माधवरावांची आई वारली तेव्हा आजोबा बाबांना न सांगता निघाले. मी त्यांच्या मागं लागले. लहान होते, फिरायला मिळतंय एवढंच कळत होतं.

उन्हाचं चालत सोयऱ्यांच्या गावी गेलो. त्या गावात माधवरावांची बहीण दिली होती. आजोबा तिच्या अंगणाबाहेर थांबले आणि तिथूनच ओरडून सांगितलं. आत रडारड सुरू झाली. आम्ही उन्हात उभे. मला तहान लागली होती. बऱ्याच वेळानं एक बाई तांब्या घेऊन आली आणि वरून धार सोडली. मी ओंजळ धरली. निम्मं पाणी कोपरावरून खाली गेलं. "अजून द्या," मी म्हणाले. ती म्हणाली, "म्हाराच्या पोरीला लई तहान!" मग आजोबांच्या धोतराच्या सोग्यात लांबूनच ज्वारी टाकली. काही दाणे खाली सांडले. आजोबा वाकून ते वेचायला लागले. त्यांना पाहून मीही वेचले.

घरी आल्यावर बाबांनी ती ज्वारी उकिरड्यावर ओतली. बापाला एक शब्द बोलले नाहीत. माझा हात धरून एवढंच म्हणाले, "पुन्हा जमिनीवरून काही उचलायचं न्हाई." आजोबा त्या दिवसापासून सांगावा घेऊन गेले नाहीत. आणि मी त्यानंतर कुणापुढं वाकले नाही, असं मला वाटत होतं. मग तो कागदी ग्लास आठवला.

माधवरावांची सही घ्यायची नाही, असं त्या एसटीत ठरलं. तहसीलमध्ये अर्ज केला. पाटलांनी सगळं वाचून घेतलंय, त्यात काही नाही, हे माहीत असून केला. चार चकरा झाल्यावर आमच्या गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टराच्या नकला हातात पडल्या. सगळं उर्दू. तहसीलच्या फाटकाशी रशीदचाचा बसतात, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. जुने कागद लोक त्यांच्याकडूनच वाचून घेतात. मी नकला त्यांच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाले, "कोंडिबा नाव कुठं दिसतंय का बघा."

चाचांनी चष्मा पुसला. पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"यहाँ देख बेटी," ते म्हणाले. "मुलगा झाला, बापाचं नाव, जात, गाव. ये आखरी रकाना खबर देणाऱ्याचा. कोंड्या वल्द राघ्या, कौम महार, येसकर. निशानी अंगूठा."

कौम म्हणजे जात, आणि कोंड्या वल्द राघ्या म्हणजे राघोजीचा मुलगा, आमचा कोंडिबा. मी म्हणाले, "पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग खालची ओळ वाचली. खबर देणार, कोंड्या वल्द राघ्या, कौम महार. त्याच्या खालची. पुन्हा तेच. पान उलटलं तरी तेच. पाटलाच्या घरी पोर झालं, कोंडिबा खबर द्यायला गेला. वाण्याकडं म्हातारी मेली, कोंडिबा गेला. गावातल्या प्रत्येक घराच्या जन्माला आणि मरणाला माझ्या पणजोबाचा अंगठा होता. अख्खं गाव त्याच्या अंगठ्यावर कागदात शिरलं होतं. मला रडू आलं. फाटकापाशी माणसांची ये-जा होती, तरी मी रडले.

"त्याच्या स्वतःच्या पोरांची नोंद असेल का?" मी विचारलं.

चाचा पानं उलटत राहिले. आजोबांची नोंद नव्हती. आजोबांच्या भावांची नव्हती. शेवटी एके ठिकाणी ते थांबले. "एक आहे," ते म्हणाले, "पण मौत की. दुख्तर कोंड्या महार. बुखार." दुख्तर म्हणजे मुलगी. मी नाव विचारलं. चाचांनी मान हलवली. नाव लिहिलेलंच नव्हतं. खबर देणार कोंड्या, आणि अंगठा. आपल्या पोरीच्या मरणाची खबर देऊन तो तिथं उभा राहिला असेल आणि लिहिणाऱ्याला तिचं नाव विचारावंसं वाटलं नसेल. सांगितलं असेल तर लिहावंसं वाटलं नसेल. आमच्या घरात अशी एक पोर होऊन गेली, हे मला वयाच्या या टप्प्यावर कळलं.

चाचा नकला गोळा करताना पहिल्या पानावर पुन्हा थबकले. "हे पान मी आधी वाचलंय बेटी. तुमच्या गावच्या पाटलाला. उसके वालिद की पैदाइश है ये. पूरा पढके सुनाया था, आखरी रकानासुद्धा."

"मग ते काय म्हणाले?"

"'ते राहू द्या चाचा' म्हणाले."

तेव्हा मला ती चौकट दिसली. उर्दू उजवीकडून लिहितात. शेवटचा रकाना डाव्या काठाला येतो. तिथंच तो कागद जाड दिसत होता. त्यांनी माझा पणजोबा दुमडून आत सारला होता. आणि त्याच चौकटीखाली बसून मला विचारत होते, तुह्या पणज्याचं नाव कोण लिव्हून ठेवील?

मी दुसऱ्याच दिवशी गावाला गेले. माझं काम झालं होतं. नाव होतं, जात होती, साल पन्नासच्या कितीतरी आधीचं होतं. सही नको होती. तरी गेले. ओसरीवर तेच लोक होते. या खेपेला मी रचलेल्या खुर्च्यांतली वरची खुर्ची स्वतः काढली आणि बसले.

"माधवराव," मी म्हणाले, "ती चौकट खाली काढा. डाव्या बाजूचा कागद उलगडा."

त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांना कळलं होतं. बाकीच्यांना कळलं नव्हतं, म्हणून मी माझी नक्कल काढून मोठ्यानं वाचली. चाचांनी माझ्यासाठी मराठीत लिहून दिली होती. पाटलाच्या बापाचा जन्म, आणि खबर देणार कोंडिबा राघोजी, महार, येसकर. ओसरीवरचा एकजण जमिनीकडं पाहू लागला.

"काहून जुनं उकरून राहिलीस?" माधवराव म्हणाले. "तुह्या पोरीचं काम झालं ना? चहा घे अन् जा."

चहा आला. या खेपेला कपबशीत. मी हात लावला नाही.

"चौकट काढा," मी पुन्हा म्हणाले.

मग ते मूळच्या आवाजात बोलले. "ध्यानात ठेव. पडताळणीच्या चौकशीचं पथक गावात येतंय. जबाब माह्याच ओसरीवर घेतेत. मी काय सांगंन, त्याच्यावर हाय तुह्या पोरीचं डाक्टर होणं."

मी घाबरले. मी उठले, खुर्ची होती तशी रचून न ठेवता बाहेर पडले. फाट्यावर एसटीची वाट पाहताना प्रज्ञाला फोन केला. सगळं सांगितलं. मेलेल्या मुलीचंही सांगितलं. म्हणाले, "पोरी, माझ्या रागापायी तुझं वर्ष जाईल. गप्प बसते मी."

ती म्हणाली, "आत्या, त्या लेकराचं नाव कुणी विचारलं नाही. तू गप्प बसू नको. माझं जाऊ दे वर्ष."

पथकाची तारीख अजून आलेली नाही. आली की मी रजा टाकणार. वस्तीवरच्या सगळ्यांना घेऊन त्या ओसरीवर जाणार, आणि सगळे खुर्च्यांवर बसणार. पथकातल्या साहेबांना आधी ती चौकट खाली उतरवायला लावणार. मागचे खिळे माझ्या हातांनी उपसावे लागले तरी उपसीन. कागद पूर्ण उलगडल्याशिवाय त्या ओसरीवर कुणाचाही जबाब सुरू होऊ देणार नाही. पाटलाच्या बापाच्या जन्माची खबर कुणी दिली, ते आधी लिहून घ्या. मग माझ्या पोरीला तिची जात विचारा.