भाकरीचं पीठ यात मळतं का?

दुकानात आलेलं गिऱ्हाईक वस्तू घेऊन जातं. पण वस्तू स्वयंपाकघरातली असली, की जाताना घरची एखादी गोष्ट काउंटरवर ठेवूनच जातं! मी नांदेडच्या एका इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात फूड प्रोसेसरचा डेमो देते. म्हणजे लोकांसमोर कांदा चिरायचा, गाजर किसायचं, कणीक मळायची आणि विचारेल त्याला उत्तर द्यायचं. इतकी वर्षं हे करत आलेय, की आमचे मालक म्हणतात, "मंगलताई, गोडाऊनमधल्या मालापेक्षा तुमच्याकडं किस्से जास्त झालेत!"

खोटं नाही. त्यातले थोडे सांगते.

*

नायगावकडच्या एक आजी मुलाला घेऊन आल्या होत्या. दिवाळीची गर्दी. आजींनी सगळा डेमो स्टुलावर बसून शांतपणे बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "ह्यात भाकरीचं पीठ मळतं का?"

मालक शेजारीच उभे. डोळ्यांनी मला खुणावताहेत, हो म्हणा, हो म्हणा!

मी म्हणाले, "न्हाई आजी. गव्हाची कणीक झकास मळते. ज्वारीला मात्र हातच पाहिजे. ह्यात गोळा होईल, पण तळहातानं रगडल्याबिगर भाकरी थापताना चिरा पडतील."

आजी उठल्या. मालकांचा चेहराच पडला. गेलं गिऱ्हाईक!

आजी मुलाला म्हणाल्या, "हेच बांधून घे."

मुलगा म्हणाला, "आई, आत्ता न्हाई म्हणल्या की त्या!"

"म्हणूनच घे. पलीकडच्या दुकानात त्यो हाव म्हणला, लई मस्त मळतं म्हणला. त्यानं भाकरी नुस्ती खाल्लीया. हिनं केलीया!"

त्या दिवाळीत मालकांनी मिठाईचा बॉक्स दिला, साडी दिली. पण आजींचं ते 'हिनं केलीया' मला त्या सगळ्याहून मोठं वाटलं.

*

देगलूरच्या दोन जावा आल्या होत्या. शेतीवाडीचं मोठं घर, पंगत रोजचीच. धाकटीला फूड प्रोसेसर हवा होता. थोरलीला, जिला ती अक्का म्हणत होती, अजिबात नको होता.

"कांदा चिरायला यंत्र? मला किती वेळ लागतोय?" अक्का म्हणाल्या. "लावा पैज!"

आता अशी संधी कोण सोडतं! शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून नवी विळी मागवली, खाली पेपर अंथरला. अक्का साडी सावरून पाटावर बसल्या. एक कांदा त्यांना, एक मला. मी कांदा सोलला, भांड्यात टाकला, झाकण फिरवतेय तोवर अक्का ओरडल्या, "झालं की! तुमचं झाकण बसेस्तोर माझा कांदा कढईत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा! खरंच आहे, एका कांद्यासाठी मशीन काढायचीच नसते. चिरण्यापेक्षा धुण्याचाच वैताग जास्त.

धाकटी तडक बाहेर गेली, गाड्यावरून पिशवीभर कांदे आणले आणि विळीशेजारी ओतले. "अक्का, परवाच्या बारशाला आपल्याकडं पंगती किती हायत?"

अक्कांनी ढिगाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा ढिगाकडं.

"मशीन बांधा," त्या म्हणाल्या. "आन विळी बी! जिंकलीया मी तिच्यावर!"

*

आमचे मेकॅनिक सलीमभाई. मशीन बिघडली की गिऱ्हाइकाच्या घरी तेच जातात. एकदा एका बाईंचा रागारागात फोन आला, "नवी मशीन बंद पडली! घरात पाहुणे बसलेत! आत्ताच्या आत्ता दुसरी पाठवा!"

सलीमभाई स्कूटर काढून पोचले. भांडं बघितलं, झाकण बघितलं, झाकण जरा पुढं सरकवलं. टक्! मशीन सुरू.

बाई खजील झाल्या. "म्हणजे बिघडली नव्हती?"

सलीमभाई स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवत म्हणाले, "बिगडी नै थी आपा. रूठी थी!"

बाईंनी हसत हसत त्यांनाही पाहुण्यांच्या पंगतीला बसवलं. तेव्हापासून सलीमभाई सर्व्हिस कॉलला जेवणाच्या वेळेलाच जातात, असं मालक म्हणतात. सलीमभाई नाही म्हणत नाहीत!

*

अहमदपूरचे एक काका आले होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. बायकोला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. मुलं पुण्याला. काका एकटेच आले आणि म्हणाले, "मला बाकीचं काय नको. पोळीची कणीक तेवढी शिकवा. तिला बाहेरच्या पोळ्या जात न्हाईत."

मी शिकवलं. आधी पीठ घालायचं, मशीन चालू करायची, मग वरच्या नळीतून पाण्याची बारीक धार सोडायची. एकदम ओतलं की चिखल.

"म्हणजे घाटात गाडी उतरवल्यावाणी?" काकांनी विचारलं.

"हाव काका. घाई न्हाई करायची."

दोनदा चिखल केला, तिसऱ्यांदा गोळा जमला. काकांनी तो गोळा हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "अशीच असायची तिची."

पुढं एकदा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ओट्यावर मशीन, शेजारी खुर्चीत काकू. काकू डाव्या हातात उलथनं धरून बसलेल्या. काका पीठ घालून उभे. काकूंनी उलथनं खुर्चीच्या दांड्यावर दोनदा आपटलं, टण् टण्! काकांनी मशीन सुरू केली.

"बघितलं का मंगलताई?" काका ओरडून सांगत होते. "मी ड्रायव्हर, ही कंडक्टर! डबल बेल पडल्याबिगर आमची गाडी हालत न्हाई!"

*

आणि हा लातूरचा किस्सा. तिथल्या एका प्रदर्शनात आम्ही स्टॉल लावला होता. एक भाऊ-बहीण आले. बहीण वैशाली, जन्मापासून दृष्टी नाही, गावात गाण्याचे क्लास घेते. पांढरी काठी टेबलाला टेकवून ती उभी राहिली. बोलत होता तो भाऊच.

"हिला एकटीला राहायचंय आता. स्वतः स्वयंपाक करते म्हणते. तुम्हीच सांगा, हिला जमंल का? ब्लेड असतंय ह्यात!"

मी उत्तर देणार, तेवढ्यात वैशाली म्हणाली, "प्लग काढलाय का?"

"काढलाय."

"मग इकडं द्या."

तिनं भांडं सोडवलं. झाकण चाचपलं. मधला दांडा धरून ब्लेड बाहेर काढलं.

"अगं, ब्लेड हाय ते!" भाऊ कळवळला.

"ब्लेड हाय म्हणूनच बघून घेतेय, दादा."

भांडं, ब्लेड पुन्हा जोडलं. मला प्लग लावायला सांगितला. झाकण न लावताच बटण दाबलं. मशीन गप्प. वैशाली हसली. "झाकण बसल्याशिवाय चालूच होत न्हाई?"

"न्हाई."

"मग दादा, सुरीपेक्षा हेच बरं की! सुरी कुठं थांबते झाकण बसेपर्यंत?"

मी सोललेले कांदे तिच्यापुढं ठेवले. तिनं बटण दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. मान थोडी कलती.

भाऊ अजून अडून बसलेला. "पण बारीक झाला का न्हाई, कसं कळणार तुला?"

"आधी खडखड करतोय. मग आवाज मऊ होतो. थांब... आता!"

झाकण उघडलं. एकसारखा, मोकळा कांदा. पाणी सुटलेलं नाही!

एव्हाना भोवती बायका जमल्या होत्या. एकीनं सरळ वैशालीलाच विचारलं, "ताई, कोथिंबीर बारीक होती का हो ह्यात?"

"होते. धुवून कोरडी करून घाला, न्हाईतर चटणी होईल. आणि बटण धरून ठेवू नका, सोडत राहा." कोथिंबिरीचं तिला घरच्या स्वयंपाकातून माहीत, बटणाचं आत्ताच कानानं कळलेलं! मग गाजर झालं, कोबी झाला. प्रश्नावर प्रश्न. मी हाताची घडी घालून बाजूला उभी. भाऊ आपणहून कोबीचे तुकडे करून तिच्या हाताशी ठेवायला लागला.

गर्दीच्या मागून एक बाई मालकांकडं आल्या. त्यांना वैशालीचा फक्त आवाज ऐकू येत होता. म्हणाल्या, "तुमच्या ह्या नव्या डेमोवाल्या बाई लई छान समजावून सांगतात हो! उद्या बी असतील का? सासूबाईंना घेऊन येते."

मालकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी भाऊच पुढं झाला.

"उद्या न्हाई मिळायच्या," तो छाती काढून म्हणाला. "उद्या त्या मला शिकवणार हायत!"