कोरडं पातेलं
गेल्या आठवड्यात घरात ओल्या गिलाव्याचा वास सुटला आणि मला दहिवलीतली भाड्याची खोली आठवली. नोकरीला नवी होते, एकटी राहायचे. खाली घरमालकीणबाई राहायच्या, त्याही एकट्याच. माझ्या मोरीचं पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात गळायचं आणि त्या रोज संध्याकाळी जिना चढून भांडायला यायच्या. "शेगडीवर पानी टपकतंय गं! मोरी नीट कर, नायतर खोली खाली कर!" मी म्हणायचे, घर तुमचं, दुरुस्तीही तुमची. शेवटी मीच प्लंबर आणून मोरी नीट करून घेतली. तरी आठ दिवसांनी पुन्हा कडी वाजली. "अजून गळतंय." माझं डोकंच फिरलं. दाखवा म्हणत त्यांच्यामागून तरातरा खाली गेले. गळतीखालचं पातेलं कोरडंठाक होतं, तळाशी धूळ साचलेली. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी पाठमोऱ्यानंच दोन कपांचं आधण ठेवलं होतं. "आलीस तर चा घेऊन जा." पुढे दोन वर्षं ते छत असंच गळत राहिलं. आता फ्लॅट माझा स्वतःचा आहे आणि छताला ओल आलीय. वरचे मुंबईकर सुट्टीला येतात म्हणे. भांडायला म्हणून मी रोज संध्याकाळी जिना चढते. दाराला कुलूप असतं.